राणी रंगाचे मणी

नवागाम, १८ नोव्हेंबर

राकेश,

डबा उघडल्यावर चपात्यांच्या आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद हाताला लागला म्हणून रंजनाताईंवर चिडू नकोस. नंबर तू बदललास, नवा कुणाला दिला नाहीस, पण जेवायला तर लागतंच. नवागामातून पलसाण्याला तुझा डबा जातो हे मला कळलं आणि मी त्यांच्या खानावळीत जाऊन ठाण मांडून बसले. त्या म्हणाल्या, अंजनाबाईंची मुलगी म्हणून पत्र नेते, पण भांडणाचं नेणार नाही. मी म्हटलं, भांडणाचं नाही.

तरी ते जुनं प्रकरण आधी उरकते. पांडेसऱ्याच्या मिलच्या गेटवर येऊन मी तुझ्या ठेकेदाराशी हातमोज्यांवरून भांडले, सगळ्यांसमोर तुझी शोभा झाली, पोरं तुला 'ताईचा लाडका' म्हणून चिडवायला लागली आणि तू ती मिल सोडून, आम्हाला सोडून, पलसाण्याच्या मिलच्या खोलीवर राहायला गेलास. मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. तुला राग आला हे मात्र समजतं. झालं, विषय संपला.

आई बरी आहे. बाबा रिटायर झाले तरी उधना रेल्वे यार्डाचा भोंगा वाजला की घड्याळ बघतात. आईने तुझ्यासाठी एक स्थळ आणलंय. नंदुरबारची मुलगी आहे, रुपाली नावाची, नर्सिंग झालेली. तिच्या घरचे डिसेंबरात एका रविवारी आपलं घर बघायला येतील. त्या दिवशी नवरा मुलगा घरात असावा एवढी त्यांची साधी अपेक्षा आहे.

मी लॅबमध्ये काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. 'ताई रक्त काढते' एवढ्यावर तुझं भागतं. सध्या आमच्याकडे एक नवं किट तपासायला आलंय. त्यात मणी असतात. मणी म्हणजे डोळ्याला दिसणारच नाहीत इतके बारीक, प्लॅस्टिकचे. प्रत्येक मण्याच्या आत लाल रंग भरलेला, पण कुणात फिक्का, कुणात जरा गडद, कुणात आणखी गडद. प्रत्येक शेडचा मणी रक्तातली एकच गोष्ट पकडतो, अंगात सूज असेल, संसर्ग असेल, तर त्याची एकेक खूण. रक्ताच्या एका थेंबात हे सगळे मणी सोडायचे. मशीन त्यांना एकामागे एक रांगेने लेझरसमोरून नेतं. आधी शेड बघून मणी ओळखतं, मग त्या मण्याने किती पकडलं ते मोजतं. थोडक्यात, तुमचा कलर मास्टर खिडकीशी कापड धरून जे करतो तेच, मॅचिंग. आमचं काम एवढंच, की हे किट खरं बोलतं की थापा मारतं ते बघायचं. आपल्या हाताने मोजून काहीतरी रक्तात टाकायचं आणि मशीन तेवढंच परत सांगतं का ते पाहायचं. पुन्हा पुन्हा. कंटाळवाणं आहे, मला आवडतं.

बरं, सहज विचारते. तुमच्याकडे हल्ली नियॉन राणी चालू आहे का? तो डोळ्यांत घुसणारा गुलाबी, साडी बाजारात जिकडे बघावं तिकडे तोच दिसतो. कलर किचनमध्ये रंग कालवताना त्याची पावडर कोण मोजतं, तूच का? मयुरीला त्या रंगाचा ड्रेस घ्यायचाय, पक्का असतो का म्हणून विचारते.

उत्तर लिहायचा कंटाळा असेल तर रंजनाताईंना तोंडी सांग.

ताई


नवागाम, २४ नोव्हेंबर

राकेश,

डबा रिकामा आला, त्यात कागदही नव्हता. म्हणजे पत्र वाचलंस किंवा फेकलंस. मी वाचलंस असं धरून चालते.

मयुरीला ड्रेस घ्यायचा नव्हता. ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते आणि काळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावत नाही. मी उगाच तिचं नाव पुढे केलं. खरं काय ते सांगते, पण शांतपणे वाच आणि अर्ध्यात चुरगाळू नकोस.

किट तपासायला निरोगी माणसांचं रक्त लागतं. ते धडधाकट माणसात काय दाखवतं हे आधी कळल्याशिवाय आजारी माणसाचं काय सांगणार? म्हणून एका मिलच्या आरोग्य शिबिरातलं उरलेलं सिरम आम्हाला मिळालं. रक्त गोठल्यावर वर जे पाणी राहतं ते सिरम. नळ्यांवर नाव नाही, मिलचा पत्ता नाही, नुसता खुणेचा आकडा. त्यातल्या काही नळ्या गुलाबी होत्या. रक्त नीट काढलं नाही की त्यातल्या पेशी फुटतात आणि सिरम गुलाबी होतं, आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. काढणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या द्यायच्या, नळीवर 'फुटलेलं' लिहायचं आणि पुढे जायचं. मीही तेच केलं.

मग मशीनवर मणी जागा सोडायला लागले. पडद्यावर प्रत्येक शेडचा ठिपक्यांचा वेगळा पुंजका दिसतो आणि तो आपल्या जागी बसतो. या नळ्यांत फिक्क्या शेडचा पुंजका गडद शेडच्या जागेत जाऊन बसायला लागला. म्हणजे एकाचं माप दुसऱ्याच्या नावावर. आम्हाला वाटलं मशीन बिघडलं. ते धुतलं, लेझर तपासला, मण्यांचा नवा लॉट फोडला. मणी नुसत्या पाण्यात टाकले, जागच्या जागी. माझ्या सिरममध्ये टाकले, जागच्या जागी. त्या गुलाबी नळ्यांत टाकले की सरकले. शेवटी मी त्या नळ्यांत फुटलेल्या रक्ताची तपासणी केली. रक्त फुटलेलंच नव्हतं. मग एक नळी जांभळ्या दिव्याखाली धरली. ती पेटल्यासारखी चमकली, नियॉन राणी.

पॉलिस्टरला जो रंग चढतो तो या मण्यांनाही चढतो, दोन्ही प्लॅस्टिकच. तुम्हाला त्यासाठी उकळत्या पाण्याहून जास्त आच द्यावी लागते. मणी इतके बारीक आहेत की त्यांना आचही लागली नाही. त्या माणसांच्या रक्ताने आमचे मणी रंगवले.

हेतल मॅडम आमच्या प्रमुख आहेत. त्यांचं म्हणणं, या लोकांच्या कातडीवर रंग होता, सुईबरोबर तो आत गेला, नमुने खराब झाले, बाजूला काढा. शक्य आहे. देवाशपथ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, नाहीतर म्हटलं असतं की असंच असू दे. मी त्यांना म्हटलं, ही माणसं कोण ते एकदा शोधूया. त्यांनी चष्मा काढला आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "प्रज्ञा, आपणे किट तपासीए छीए, माणस नहीं." आपण किट तपासतोय, माणसं नाही. त्यात खोटं काहीच नाही, काम तेवढंच दिलेलं आहे.

एका नळीत तर सगळे पुंजके एकमेकांत मिसळून गेले. मशीनला एकही मणी ओळखता आला नाही. ती कुणाची आहे हे कळायला मार्ग नाही.

तुमच्या मिलमध्ये दिवाळीच्या आधी शिबिर झालं होतं का? एवढंच सांग. काळजीचं काही नाही.

ताई


नवागाम, २ डिसेंबर

राकेश,

तुझा निरोप मिळाला. 'तिला सांगा, शिबिर झालं, सगळे फिट निघाले, आता डोकं खाऊ नको म्हणावं.' रंजनाताईंनी तो आईसमोरच सांगितला. आईला एवढा आनंद झाला की विचारू नकोस. म्हणाली, "रागावला का असंना, बोलला तर खरा." तिने तेवढ्यावर रव्याचा शिरा केला. मीही तो खाल्ला.

शिबिर झालं हे कळून माझा जीव अर्धा झाला होता. उरलेला रंजनाताईंच्या कौतुकाने गेला. त्या म्हणाल्या, "बाकीच्या पोरांचे हात बघवत नाहीत हो, पण तुमच्या राकेशचे हात म्हणजे बँकेतल्या माणसाचे."

तू पहिल्यांदा मिलमधून आलास तेव्हा तुझे हात मनगटापर्यंत निळे होते. आईने तुला कणकेच्या परातीला हात लावू दिला नव्हता. कोण पोरगी देईल असल्या हाताच्या पोराला, असं ती बोलून गेली आणि तू जेवण अर्धं टाकून उठलास. मग कुणीतरी तुला हायड्रो दाखवलं. चुकलेल्या शेडचं कापड ज्या पाण्यात घालून कोरं करतात, त्याच पाण्यात हात बुडवायचे. तू रोज गोऱ्या हातांनी घरी यायला लागलास. कुजकट वास यायचा, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडायच्या, त्यावर आई खोबरेल तेल चोळायची आणि शेजारणींना तुझे हात पुढे करून दाखवायची. मीही बघत होते आणि मलाही ते बरंच वाटत होतं.

हायड्रोने रंग दिसेनासा होतो, पण कातडी फाटते. फाटलेल्या कातडीवर दुसऱ्या दिवशी पुन्हा राणीची पावडर उडते, आणि हा रंग पाण्यापेक्षा तेलात चटकन मिसळतो हे तुलाच जास्त ठाऊक. हे मी अंदाजाने लिहिते आहे. अंदाज खोटा ठरावा म्हणून मी आणि मयुरीने एक उद्योग आरंभलाय. ओळखीच्या, राणीवर काम करणाऱ्या माणसांचं रक्त आम्ही नीट काढणार. दंड घासून पुसायचा, पहिली नळी टाकून द्यायची, दुसरी घ्यायची. सुईबरोबर रंग आत जाण्याचा प्रश्न उरणार नाही. लोक आपल्या राजीखुशीने देतायत आणि हेतल मॅडमनाही मी सांगितलंय. त्या नको म्हणाल्या नाहीत. हो सुद्धा म्हणाल्या नाहीत.

तोवर तू एक कर. हायड्रोत हात घालू नकोस. रंग राहू दे हातावर.

ताई


नवागाम, ८ डिसेंबर

राकेश,

परवा सहा डिसेंबरला बाबांनी मेणबत्ती लावली आणि तुझ्या वाटची तुझ्या नावाने बाजूला ठेवली. ती अजून तशीच आहे.

आता मी आढेवेढे घेणार नाही. आपल्या गल्लीतला वाल्मिकभाऊ तुला माहीत आहे, पांडेसऱ्यात कापड रंगवायचं जेट मशीन चालवतो. त्याचे हात कोपरापर्यंत राणी आहेत. नखं, नखांखाली, सगळीकडे. मी विचारलं, हायड्रोने धूत नाहीस का? तो हसायला लागला. "धुईसन काय करू, ताई? सकाय परत तोच रंग. मनी बायकोले सवय व्हई गई." रक्त दिलं आणि चहा पिऊन गेला. त्याचं सिरम स्वच्छ निघालं. मणी जागच्या जागी, एकही हलला नाही.

नंतर चिंधा आला. तो तुमच्याच मिलमध्ये आहे, तू ओळखत असशील, पातळसा, मान वाकडी करून बोलतो. त्याच्या आईच्या आजारपणासाठी नवागामात आला होता. हात असे स्वच्छ की मला वाटलं चुकीचा माणूस आणला. त्याचं सिरम गुलाबी आलं आणि मणी सरकले. मग आणखी काही जणांचं घेतलं. ज्यांचे हात रंगलेले ते ठीक होते. जे हायड्रोने धुतात त्यांच्या नळ्या दिव्याखाली चमकल्या. कुठली नळी कुणाची हे मयुरीला न सांगता मी तिच्याकडून पुन्हा करून घेतलं, तिचंही तेच आलं.

चिंधाने आणखी एक सांगितलं. शिबिराच्या दिवशी मुकादम सगळ्यांना हायड्रोच्या टबात हात धुवायला लावतो आणि मगच डॉक्टरांसमोर उभं करतो, घाण दिसायला नको म्हणून. ते ऐकून मॅडमचा सुईचा मुद्दा निकालात निघाला. कातडीवर रंग नव्हताच.

हा रंग आत जाऊन काय करतो, असं तू विचारशील. मला माहीत नाही. तेच सांगायला तर हे किट आहे, आणि नेमकं तुमच्या रक्तात ते आंधळं होतं. म्हणून मी चिंधाची साधी यकृताची तपासणी केली, जुन्या पद्धतीची, मण्यांशिवाय. ती इतकी वाईट आली की मी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्याला ॲडमिट केलंय. तो म्हणत होता, थकवा होता, अंगाला खाज सुटायची, भूक लागायची नाही, पण शिबिरात फिट निघालो म्हणून दुर्लक्ष केलं. तुला खाज सुटते का राकेश? रंजनाताई म्हणतात हल्ली डब्यात चपात्या उरून येतात.

हेतल मॅडमना सगळं दाखवलं. संध्याकाळी त्यांनी कंपनीला अहवाल पाठवला. किट पास झालं. खाली एक ओळ घातली, कापड रंगवण्याच्या कामातल्या लोकांचे नमुने या किटवर घेऊ नयेत. मी भांडले. आवाज चढला माझा, मयुरीने दार लावून घेतलं. मॅडम एवढंच म्हणाल्या की ओळ खरी आहे. खरी आहे, पण म्हणजे तुम्हाला तपासायचंच नाही.

येत्या रविवारी, चौदा तारखेला, रुपालीकडचे येतायत. तू ये. हात न धुता ये. राणी हातांनी ये, सगळ्यांच्या समोर चहाचा कप धर, कुणी नाक मुरडलं तर मी बघून घेते. मला तुझे रंगलेले हात बघायचे आहेत आणि तुझं थोडं रक्त हवंय. दुसरं काही मागत नाही.

ताई


नवागाम, १२ डिसेंबर

राकेश,

घाईत लिहिते. आत्ता कळलं की आईनेही काल रंजनाताईंबरोबर निरोप पाठवलाय. मी विचारलं काय सांगितलंस, तर खुशीत म्हणाली, "तेच, पोराले म्हणा, येतानी हात चांगले सोच्छ करून ये, पाहुणे येऊन राहिले."

मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती तेलाची बाटली घेऊन रडत बसेल, की मीच चोळलं म्हणून. तू आईचं ऐकू नकोस. आयुष्यात एकदा आईचं ऐकू नको असं सांगणारी बहीण मिळाली आहे, फायदा घे.

चिंधा बोलत नाही आता फारसा. डोळे मिटून असतो.

ताई


नवागाम, १६ डिसेंबर

राकेश,

रविवारी तू आलास, इतक्या दिवसांनी, आणि मी तुझ्याशी धड बोलले नाही. काय झालं ते मी पुन्हा सगळं लिहिते, कारण तू उठून गेलास तेव्हा मला जे सुचलं नाही ते आता सुचतंय.

तू पांढरा शर्ट घालून दारात उभा राहिलास. बाबा उठून उभे राहिले, आईने तुझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि पाहुण्यांकडे वळून असं हसली की जणू ते हात तिनेच घडवलेत. गोरे, कोरडे, नखंसुद्धा स्वच्छ. रुपालीच्या मामांनी तुझा हात हातात घेतला आणि ते खूश झाले. मला इतका राग आला की माझ्या हातून बशी निसटली. मी तुला स्वयंपाकघरात ओढलं. म्हटलं, माझं ऐकायचंच नव्हतं तर आलास कशाला?

तू ओट्याला टेकलास. शर्टाची बाही वर सारलीस. तुझा आवाज इतका बारीक झालाय हे मला तेव्हा कळलं.

"ताई, तू लिहिलंस त्या दिवसापासून हायड्रोला हात लावला नाही. आईचा निरोप आला तेव्हाही नाही. आता लागतच नाही. रंग हातावर राहतच नाही, आत जिरतो."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतोयस, पूर्वी करायचास तशी. तू हसला नाहीस. दंड पुढे धरलास. मी पुसला, पहिली नळी टाकली, दुसरी भरली. बाहेर आई पाहुण्यांना पोह्यांचा आग्रह करत होती.

सोमवारी मी सिरम वेगळं करायच्या यंत्रात नळी फिरवून बाहेर काढली. जांभळा दिवा लावायची गरज पडली नाही. खिडकीच्या उजेडातच ती राणी होती. मणी सोडले. पडद्यावर एकही पुंजका आपल्या जागी राहिला नाही, सगळे एका कोपऱ्यात, एकाच शेडचे. शिबिरातल्या त्या एका नळीसारखं. ती तुझी होती का हे आता मी शोधत नाही, मला शोधायचं नाही. हेतल मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आ कोनुं छे?" म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या भावाचं. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या. मग फोन काढून यकृताच्या एका डॉक्टरांना लावला, आणि आवाज मऊ न ठेवता सांगितलं की आज नाही तर उद्या सकाळी बघावंच लागेल.

साध्या तपासण्याही केल्या. आकडे इथे लिहीत नाही, ते डॉक्टरांना सांगेन. चिंधाचे याहून बरे होते. काल दुपारी चिंधा गेला. तुझ्या मिलमध्ये कळलं असेल, कदाचित कळलंही नसेल.

तू तोंड पुसलेला टॉवेल आईने धुवायला काढला, तेव्हा त्यावर फिकट गुलाबी पट्टा होता. तिने तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, नवा आहे ना, रंग सोडून राहिला. टॉवेल पांढरा आहे राकेश. मी हो म्हटलं आणि तो तिच्या हातातून घेतला.

रुपालीकडून होकार आलाय. हे आधी सांगायला हवं होतं. मामा म्हणाले, मुलगा शांत आहे, हात बघूनच कळतं चांगल्या घरचा आहे.

तू म्हणशील, सीझन आहे, मुकादम सोडणार नाही, नियॉनचा लॉट अर्धा राहिलाय. तू म्हणशील, पुन्हा सगळ्यांसमोर तमाशा नको. मला ते सगळं माहीत आहे. मागच्या वेळी मी गेटवर आले तेव्हा तू खाली मान घालून आत निघून गेलास आणि मी तुला हाक मारली नाही, कारण मलाही राग आला होता. आता माझ्याकडे राग नाही. भीती आहे, खूप आहे, आणि ती मी तुझ्यापासून लपवणार नाही.

रंजनाताई टेम्पोत माझ्या शेजारी बसल्या आहेत आणि मी हे पत्र गुडघ्यावर धरून पुरं करते आहे. बाबा पुढे बसलेत. त्यांनी यार्डातला जुना कोट घातलाय, कुणी अडवलं तर उपयोगी पडेल म्हणे. हा डबा वॉचमन तुझ्यापर्यंत पोचवेल. कुणी विचारलं तर सांग जेवायला चाललोय. पावडरीचा डबा आहे तिथे ठेव, हात पुसत बसू नकोस, तसाच बाहेर ये.

डबा हलका लागला असेल. त्यात आज या कागदाशिवाय काही नाही. जेवण घरी आहे. मी गेटवर उभी आहे.

ताई